छंद आणि जोपासना : तळघरात बोरघाट उभारताना

या अंकासाठी घरगुती रेल्वे-प्रतिकृतींविषयीचे तीन प्रश्न निवडले आहेत. पहिल्या दोन वाचकांची घरे अमेरिकेत आहेत. तिथे घराखाली मोठे तळघर असणे ही सामान्य बाब आहे आणि हा छंद वाढला तोही बराचसा अशाच तळघरांमध्ये. तिसरे पत्र ठाण्याचे आहे.

प्रश्न : माझे बालपण कर्जतला गेले. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढताना मागून रेटा देणारी बँकर इंजिने जोडली जाताना मी फलाटावर उभा राहून तासन्‌तास पाहत असे. आता निवृत्तीनंतर न्यू जर्सीतील घराच्या तळघरात कर्जत ते लोणावळे हा संपूर्ण घाट, साधारण १९७५ सालचा, एचओ प्रमाणात उभारावा अशी इच्छा आहे. तळघर २८ फूट लांब व २४ फूट रुंद असून त्यातील आठ फुटांची पट्टी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी आणि अडगळ यांनी व्यापली आहे. सुरुवात कुठून करावी, रूळ कोणते घ्यावेत आणि चढ किती ठेवावा, याबद्दल आपले मार्गदर्शन हवे आहे. — एक वाचक, एडिसन

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला, कारण आपल्याला नेमके काय आवडते हे आपण पहिल्या दोन वाक्यांतच सांगितले आहे आणि आराखड्याचा खरा आधार तोच आहे.

आधी एक हिशेब पाहू. मुंबईपासून कर्जत १०० किलोमीटरवर आहे, लोणावळे १२८ वर. मधले २८ किलोमीटर एचओच्या १ : ८७ या प्रमाणात आणले तर सुमारे ३२० मीटर रूळ लागतील, आणि दोन स्थानकांच्या उंचीतला साडेपाचशे मीटरहून अधिकचा फरक सहा मीटरांच्या वर जाईल, म्हणजे लोणावळे आपल्या घराच्या वरच्या मजल्याच्याही वर पोचेल. तेव्हा संपूर्ण घाट कोणत्याच तळघरात मावणार नाही. त्यातले काय ठेवायचे हे निवडावे लागेल, आणि ती निवड मोजपट्टीपेक्षा आपल्या आठवणीने केलेली बरी. माझा स्पष्ट सल्ला असा की कर्जत स्थानक ठेवावे, त्यापुढचा घाटाचा एक सलग चढ ठेवावा आणि लोणावळे पूर्णपणे गाळावे. गाडी वरच्या टोकाच्या बोगद्यात शिरेल आणि भिंतीपलीकडच्या अडगळीच्या पट्टीत बांधलेल्या झाकलेल्या यार्डात जाऊन थांबेल. कल्याणच्या बाजूलाही असेच एक झाकलेले यार्ड असावे. प्रत्येकी चार-पाच मार्ग असलेल्या अशा दोन यार्डांमुळे डेक्कन क्वीन, मालगाडी, मेल आणि पॅसेंजर आपापल्या वेळी येऊन जाऊन राहतील आणि तीच गाडी गोल गोल फिरते आहे असे वाटणार नाही.

कर्जत ठेवण्याचा आग्रह मी केवळ आपल्या बालपणासाठी धरत नाही. बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर, असा आहे आणि या एकाच गोष्टीमुळे कर्जतला सतत काम असते. पुण्याकडची गाडी येते, थांबते, मागे बँकर लागतात, ब्रेकची तपासणी होते, पुढच्या आणि मागच्या इंजिनांच्या शिट्ट्या जुळतात आणि मग गाडी हलते. वर पोचल्यावर सुटलेले बँकर पुन्हा उतरून खाली येतात, आणि त्यांना येण्यासाठी मार्ग मोकळा ठेवावा लागतो. उतरणाऱ्या गाड्यांना घाटात ठरावीक जागी थांबून ब्रेक तपासावे लागतात, आणि गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला वळवून घेण्यासाठी चढावर नेणाऱ्या कॅच सायडिंग असतात. त्यांचे सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, एरवी सायडिंगकडेच लावलेले असतात आणि गाडी नियमाप्रमाणे थांबल्यावरच मुख्य मार्गाकडे फिरवले जातात. हे सगळे प्रतिकृतीत जसेच्या तसे करता येते. दोन माणसांना एक संध्याकाळ पुरेल एवढे काम त्यात आहे, आणि माझ्या मते उत्तम देखाव्यापेक्षा असे काम लेआउटला, म्हणजे फळ्यांवर मांडलेल्या रेल्वे-प्रतिकृतीला, अधिक वर्षे जिवंत ठेवते. पळसदरीहून फुटणाऱ्या खोपोलीच्या शाखेसाठी एक छोटा झाकलेला मार्ग ठेवला, तर कर्जतच्या यार्डात आणखी थोडी लगबग होईल.

आता गाडीची लांबी. त्या काळचा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) डबा जोडणीसह २२.३ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेपंचवीस सेंटिमीटर. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला सातच डबे होते. १९६६मध्ये जुने डबे बदलले गेले तेव्हा ते बारा झाले. बारा डबे, पुढचे इंजिन आणि मागचे दोन बँकर मिळून पावणेचार मीटरांहून लांब गाडी होते आणि ती आपल्या खोलीत एका वेळी दोन भिंती व्यापेल. आठ डब्यांची गाडी पावणेतीन मीटरांत बसते आणि पाहणाऱ्याला पूर्ण वाटते. म्हणून यार्डातले मार्ग, कर्जतचा फलाट आणि कॅच सायडिंग यांची लांबी तीन मीटर धरून आराखडा काढावा. ही लांबी एकदा ठरली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप ठरतात, त्यामुळे ती सर्वांत आधी ठरवावी.

चढाबाबत मात्र आपण भाग्यवान आहात. अंतर आणि उंची दोन्ही एकाच प्रमाणात कमी होत असल्यामुळे चढ आक्रसत नाही, आणि ३७ला १, म्हणजे २.७ टक्के, हा प्रतिकृतीतही चालण्याजोगा चढ आहे. अकरा मीटर लांबीत तो गाडीला तीस सेंटिमीटर वर नेईल. त्यात ७५ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण आले की घर्षणामुळे आणखी सुमारे एक टक्का चढाइतका भार वाढतो, आणि मग एकटे इंजिन आठ वजनदार डबे खरोखरच ओढू शकत नाही. बँकर शोभेसाठी न राहता गरजेचा होतो, ही मला या आराखड्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एक काळजी मात्र घ्यायला हवी : मागून रेटा बसल्यावर हलके डबे वळणावर रुळांवरून उतरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेलरोड संघटनेची, म्हणजे एनएमआरएची, शिफारस एचओ डब्यासाठी मुळात एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस अशी आहे. त्याप्रमाणे आपला दहा इंची डबा सहा औंसांचा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमचा असावा. कमी भरल्यास तळाशी वजन चिकटवावे. बँकरचा वेग पुढच्या इंजिनापेक्षा किंचित कमी ठेवावा, म्हणजे डब्यांची रांग बहुतांशी ताणलेली राहते.

मुख्य मार्गावर ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्या घेऊ नये. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्येखाली गेल्यावर गाडी चालते खरी, पण डब्यांचे कोपरे वळणाबाहेर लोंबू लागतात आणि नजरेला खुपतात. फळ्या भिंतीलगत ६० ते ७० सेंटिमीटर रुंदीच्या ठेवाव्यात, कारण त्याहून आत हात पोचत नाही आणि घसरलेला डबा नेहमी सर्वांत आतल्या रुळावरच असतो. खोलीच्या मधोमध द्वीपकल्पासारखी फळी काढण्याचा मोह होईल. हिशेबाने ती बसतेही, पण मग दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मीटरची वाट उरते. आपण मधला भाग मोकळा ठेवावा. तिथे दोन खुर्च्या मावतील, आणि समोरच्या भिंतीवरची चढती गाडी थोड्या अंतरावरून पाहता येईल. घाट दुरूनच घाटासारखा दिसतो. कर्जतची उंची जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असावी, म्हणजे वरचे टोक आपल्या नजरेच्या पातळीला येईल.

रुळांचा प्रश्न भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. आपल्याकडचा रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे आणि १ : ८७मध्ये तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. बाजारात मिळणारे एचओचे रूळ १४३५ मिलिमीटरच्या मार्गावर बेतलेले असल्याने १६.५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे आपली गाडी रुंदीच्या मानाने थोड्या अरुंद रुळांवर धावेल. समोरून पाहताना हा फरक जाणवतो, बाजूने जवळजवळ नाही. अचूक माप हवे असेल तर प्रत्येक सांधा हाताने बांधावा लागतो आणि प्रत्येक चाकजोडी बदलावी लागते. ज्याला ते काम हाच छंद वाटतो त्याने ते जरूर करावे, पण आपल्याला कर्जतला बँकर लागलेला पाहायचा आहे. १६.५चे तयार रूळ निःशंकपणे घ्यावेत. मुख्य मार्गावर सहा क्रमांकाचे, म्हणजे सहा एकक अंतरात एक एकक फाकणारे, सांधे वापरावेत.

इंजिनांसाठी थोडे कष्ट पडतील. १९७०पासून चित्तरंजनला बनलेले डब्ल्यूसीजी-२ हे सहा चाकजोड्यांचे इंजिन आहे. अमेरिकेत सहा चाकजोड्यांच्या डिझेल इंजिनांच्या प्रतिकृती मुबलक मिळतात. त्यांतल्या जवळच्या मापाच्या चासीवर थ्री-डी प्रिंटिंगने केलेला सांगाडा बसवता येतो. रेल्वेचे लोक ज्याला खेकडा म्हणत ते जुने डब्ल्यूसीजी-१ हवे असेल तर स्वित्झर्लंडच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनाची प्रतिकृती पाहावी. दोन्ही बाजूंची लांब नाके आणि चाकांना जोडणारे दांडे ही रचना एकाच घराण्यातली आहे. टोकाच्या लहान चाकजोड्या तेवढ्या काढाव्या लागतील, कारण आपल्या खेकड्याला त्या नव्हत्या.

नियंत्रणासाठी डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणारी, पद्धतच घ्यावी, कारण एकाच रुळावर पुढचे इंजिन आणि मागचे बँकर स्वतंत्र वेगाने चालवणे तिच्यात सोपे होते. फळ्यांखालून जाड तारेची मुख्य वाहिनी न्यावी आणि साधारण दर मीटरला रुळांना पातळ तारा डाखाव्यात. रुळांच्या जोडपट्टीवर वीजप्रवाहासाठी विसंबू नये. झाकलेल्या यार्डात गाडी वळवण्यासाठी वळसा ठेवला तर तिथे विरुद्ध ध्रुवतेचे रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट सर्किट होते, त्यासाठी आपोआप ध्रुवता बदलणारे उपकरण लावावे.

डोंगर करताना एकच विनंती. अमेरिकेतल्या दुकानांतले खडकांचे साचे ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडाचे असतात आणि ते कितीही काळे रंगवले तरी सह्याद्री होत नाहीत. आपला डोंगर लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे; आडवे काळे कडे, मध्ये गवताची उतरती पायरी, पुन्हा कडा, असा त्याचा चेहरा आहे. इन्सुलेशनच्या फोमचे जाड तुकडे आडवे रचून, पुढची कड सुरीने उभी तासून आणि वर प्लॅस्टरचा पातळ थर देऊन तो फार चांगला साधतो. महिना कोणता दाखवायचा हेही आधीच ठरवावे. मे महिन्यातला घाट तपकिरी आणि जुलैमधला धुक्यात हरवलेला असतो. मी सप्टेंबरची अखेर निवडेन, कारण तेव्हा हिरवा रंग टिकून असतो, धबधबे बारीक पण वाहते असतात आणि हवा इतकी स्वच्छ असते की कड्याचा प्रत्येक थर दिसतो.

खोलीविषयी एवढेच सांगतो की विजेच्या मुख्य पेटीसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल मोकळी जागा तिथल्या नियमांनुसार सोडावी लागते, आणि भट्टी दुरुस्त करणाऱ्याला लेआउट न मोडता तिच्यापर्यंत जाता आले पाहिजे. मधले पोलादी खांब घराची तुळई पेलतात, त्यांना धक्का लावू नये. छत, दिवे आणि जमिनीचे काम पहिली फळी उभी राहण्यापूर्वी संपवावे. नंतर ते करताना सगळी धूळ रुळांवर पडते.

प्रश्न : आमच्या तळघराला पावसाळी दिवसांत कुबट वास येतो आणि एका भिंतीवर पांढरी भुकटी जमते. यजमान आणि मुलगी मिळून तिथे रेल्वेचा लेआउट बांधत आहेत. लाकडी चौकट तयारही झाली आहे. गेल्या हिवाळ्यात बसवलेले थोडे रूळ वाकडे झाले. ते दोघे तिथे रोज बराच वेळ असतात, म्हणून मला काळजी वाटते. — एक वाचिका, क्लीव्हलँड, ओहायो

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, आणि घरातल्या कुणीतरी ती बोलून दाखवली हे चांगले झाले. पांढरी भुकटी म्हणजे काँक्रीटमधून झिरपलेल्या पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. ती पुसून वर रंग दिला तर रंग सुटेल, कारण पाणी येणे थांबलेले नसते. पाणी कुठून येते हे आधी पाहावे. दोन फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी पट्टीने चिकटवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील तर ओलावा भिंतीतून येतो. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर साचते. पहिल्या परिस्थितीत बहुतेक वेळा उपाय बाहेर असतो : छताच्या पन्हाळी साफ करणे, त्यांचे पाणी पायापासून काही फूट दूर सोडणे, आणि भिंतीलगतच्या मातीचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेने करणे. दुसऱ्या परिस्थितीत आर्द्रता शोषणारे यंत्र लागेल. आर्द्रतामापक टांगून ठेवावा आणि काटा पन्नास टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे. पाणी उपसणारा पंप असेल तर त्याला बॅटरीची जोड द्यावी, कारण मोठ्या वादळात पाणी आणि वीज एकाच वेळी दगा देतात.

रूळ वाकडे होण्याचे कारणही हेच आहे. उन्हाळ्यात दमट हवेत फुगलेले लाकूड हिवाळ्यात भट्टीच्या कोरड्या हवेने आक्रसते. त्यावर ठोकलेला धातूचा रूळ मात्र तितका आक्रसत नाही, त्याला जागा उरत नाही आणि तो बाजूला वाकतो. चौकटीच्या लाकडाला सर्व बाजूंनी, कापलेल्या टोकांनाही, रंगाचा हात द्यावा. प्रत्येक जोड डाखून बंद न करता ठरावीक अंतराने बारीक फट ठेवावी आणि फटीच्या दोन्ही बाजूंना वीज स्वतंत्र तारेने पोचवावी. चौकट भिंतीला न ठोकता स्वतःच्या पायांवर, भिंतीपासून थोडी दूर उभी असावी, म्हणजे मागे हवा खेळेल आणि भिंत पाहता येईल.

आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून करावी. जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू तळघरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. तपासणीची पेटी दुकानात मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा अधिक पातळी आढळल्यास घरात दुरुस्ती करावी असे सांगितले आहे, आणि जमिनीखालून हवा खेचून छतावर सोडणारी व्यवस्था बसवून ही पातळी खाली आणता येते. हे काम चौकट आणखी पसरण्यापूर्वी करून घ्यावे.

आगीचाही विचार हवा. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन अ‍ॅलन यांनी आपल्या घराच्या तळघरात उभारलेला लेआउट जगभर नावाजला गेला होता. १९७३च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच लागलेल्या आगीत तो जवळजवळ पूर्ण नष्ट झाला. धुराची सूचना देणारे यंत्र आणि अग्निशामक नळकांडे दारापाशी असावे. खोली सोडताना एकच कळ दाबून लेआउटची सगळी वीज बंद व्हावी अशी जोडणी करावी, आणि ती कळ मुलीच्या हाताला पोचेल अशा उंचीवर असावी.

प्रश्न : आमचा ठाण्यातला फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. तळघर नाही, मोकळी खोलीही नाही. नेरळ-माथेरान गाडीची प्रतिकृती करण्याची इच्छा आहे. सोडून द्यावी का? — एक वाचक

उत्तर : सोडून देऊ नये, जागा कमी असणाऱ्यासाठी माथेरानइतका अनुकूल विषय महाराष्ट्रात दुसरा नाही. १९०७मध्ये सुरू झालेला हा मार्ग ६१० मिलिमीटरचा आहे, डबे आखूड आहेत, वळणे तीव्र आहेत आणि चढ २०ला १पर्यंत जातो. बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ घेऊन वरचे इंजिन-डबे १ : ७६ प्रमाणात करावेत. रूळ तंतोतंत मापाचे नसले तरी फरक थोडा आहे, आणि त्या प्रमाणातली माणसे, घरे व झाडे सहज मिळतात. अशा लहान गाड्या २३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावरही चालतात, त्यामुळे दीड मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद फळीवर एक वेटोळे, एक स्थानक आणि एक छोटा बोगदा बसतो. फळी कपाटावर ठेवता येईल इतकी हलकी करावी, आणि धुळीपासून जपण्यासाठी तिला पारदर्शक झाकण करावे.

स्थानक म्हणून मी जुम्मापट्टी सुचवेन. तिथे गाड्यांची गाठ पडते, इमारत लहान आहे, आणि मागे डोंगराची भिंत असल्यामुळे चित्राचा पडदा साधा ठेवला तरी चालतो. पूर्ण पाच टक्क्यांचा चढ एवढ्या छोट्या वेटोळ्यात टाळावा. तीन टक्केही डोळ्यांना पुरेसा वाटतो आणि छोट्या इंजिनाला दोन-तीन डबे ओढता येतात. काम सुरू करण्याआधी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय एकदा पाहून यावे. तिथे गाड्या चालताना पाहाव्यात, आणि जमल्यास रुळांचे जोड, सांध्यांची जागा व दिव्यांच्या तारा कशा नेल्या आहेत याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. त्यानंतर लाकूड विकत घेण्याआधी पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचे रूळ आखून तो पुठ्ठा आठवडाभर त्याच कपाटावर ठेवून पाहावा.